चाचण्यांचीही लेखी माहिती हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत मुक्त सॉफ्टवेअरविषयी जी लेखमाला सुरू आहे, तिच्यातील ‘कर्ल’ या डाउनलोड साधनावरचा लेख वाचला. किचकट विषय इतक्या सुबोधपणे मांडल्याबद्दल लेखकाचे अभिनंदन करायलाच हवे. मात्र त्या लेखात ओघाने आलेले एक विधान खटकले. अशा साधनांच्या पाठीशी स्वयंचलित चाचण्यांचा, म्हणजे साधन ठरल्याप्रमाणे वागते की नाही हे आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा, मोठा संच असतो, आणि साधनाने कसे वागावे हे त्या चाचण्याच सांगत असल्यामुळे त्यांच्याविषयी वेगळे काही लिहून ठेवण्याची गरज उरत नाही, अशा आशयाचे ते विधान होते. सॉफ्टवेअर क्षेत्रात हे मत अधूनमधून ऐकू येते, आणि ते मांडणारी माणसे बहुधा अनुभवी असल्यामुळे नवखे लोक ते निमूटपणे मान्य करतात. चाचण्या लिहिणे, त्या चालवणे आणि दुसऱ्याने लिहिलेल्या चाचण्या समजून घेणे हे माझे रोजचे काम आहे. त्यातील तिसऱ्या कामात किती वेळ जातो हे ठाऊक असल्यामुळेच हा प्रतिवाद करावासा वाटला.

ज्यांच्या वाचनात तो लेख आला नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. कमांड लाइनवर चालणारे डाउनलोड साधन म्हणजे बटणे, चित्रे, मेनू यांपैकी काहीही नसलेला प्रोग्राम. टर्मिनलवर त्याचे नाव, त्यापुढे हवा तो पत्ता आणि गरजेप्रमाणे काही पर्याय टाइप केले, की तो सर्व्हरशी बोलून फाइल आणून देतो. ‘जीएनयू डब्ल्यूगेट’ हे साधन ह्रवोये निक्शिच यांनी 1996 मध्ये आणले, तर स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांनी ‘कर्ल’ या नावाची पहिली आवृत्ती मार्च 1998 मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही आजही जोमाने वापरात आहेत. कर्लचा गाभा असलेली ‘लिबकर्ल’ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार प्रोग्राम-संच, तर फोन, दूरचित्रवाणी संच, मोटारी अशा असंख्य उपकरणांच्या पोटात असते आणि ती उपकरणे वापरणाऱ्यांना तिचे नावही माहीत नसते. माणसाने स्वतः टाइप करून ही साधने चालवावीत असे प्रसंग तुलनेने थोडे. बहुतेक वेळा ती एखाद्या स्क्रिप्टमधून, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या यादीतून, ठरलेल्या वेळी, पडद्याकडे कोणीही पाहत नसताना चालतात. त्यामुळे त्यांच्या वागण्यातला बारीकसा बदलही कोठेतरी काहीतरी बंद पाडू शकतो, आणि म्हणूनच त्यांना चाचण्यांचे एवढे मोठे कवच लागते.

हे कवच नेमके कशाचे रक्षण करते? पत्ता दिला आणि फाइल आली, एवढे तपासणे सोपे आहे आणि त्यात फारसे काही हाती लागत नाही. खरा प्रश्न फाइल धड न येण्याचा असतो. सर्व्हरने हजार बाइट पाठवतो असे सांगून सहाशेवरच जोडणी तोडली तर कर्लने 18 हा निर्गम-संकेतांक (काम कसे संपले हे सांगणारा, प्रोग्राम थांबताना देतो तो आकडा) देऊन थांबले पाहिजे. सर्व्हरचे नाव शोधूनही सापडले नाही तर 6, जोडणीच झाली नाही तर 7, वेळ संपली तर 28. अर्धवट उतरलेली फाइल पुढे चालू करायला सांगितले आणि सर्व्हरला मधल्या बाइटपासून पाठवणे जमत नसले, तर कर्लने 33 हा संकेतांक द्यायचा असतो. तसे न करता त्याने पूर्ण फाइल जुन्या अर्ध्या भागाला जोडून दिली, तर सुरुवातीचा भाग दोनदा आलेली एक निरुपयोगी फाइल तयार होईल आणि काम फत्ते झाल्याचा संदेश मिळेल. हे आकडे कर्लच्या माहितीपुस्तिकेत छापलेले आहेत आणि जगभरच्या स्क्रिप्ट त्यांवर विसंबून असतात, त्यामुळे ते वापरकर्त्याला दिलेले वचनच आहे.

आता मूळ मुद्दा. समजा, एखाद्या चाचणीत नकली सर्व्हर, म्हणजे खऱ्या सर्व्हरऐवजी केवळ चाचणीपुरता चालवलेला प्रोग्राम, ‘404, पान सापडले नाही’ असे उत्तर देतो आणि त्या चाचणीची अपेक्षा अशी, की कर्लने शून्य, म्हणजे यश दर्शवणारा संकेतांक द्यावा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही सरळसरळ चूक वाटेल. पान सापडले नाही, मग यश कसले? परंतु कर्लच्या दृष्टीने सर्व्हरशी संवाद व्यवस्थित पार पडला, त्याने जे उत्तर दिले ते सुखरूप पोहोचले, म्हणजे काम झाले; उत्तरातील 404 हे अपयश मानायचे असेल तर वापरकर्त्याने ‘फेल’ हा पर्याय द्यायचा असतो आणि तेव्हा 22 हा संकेतांक मिळतो. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. चाचणी मात्र त्यातील एक अक्षरही बोलत नाही. ती फक्त एवढेच सांगते, की येथे शून्य यायला हवे. का यायला हवे, ते चुकून तसे राहिले आहे की मुद्दाम राखले आहे, उद्या ते बदलले तर कोणाचे काय बिघडेल, यांपैकी कशाचेही उत्तर चाचणीच्या मजकुरात नसते आणि असूही शकत नाही, कारण चाचणी ही यंत्रासाठी लिहिलेली असते.

येथे असा प्रश्न विचारला जाईल, की चाचणी नीट, वाचनीय लिहिली तर हे आपोआप कळणार नाही का? काही अंशी कळेल. पण डाउनलोड साधनांच्या चाचण्यांची घडणच अशी असते, की त्या वाचण्यासाठीसुद्धा आधी काही माहीत असावे लागते. कर्लच्या संचातील क्रमांक 1 ची चाचणी जवळून पाहू. ही एक साधी मजकूर-फाइल आहे. कोनी कंसांतल्या खुणांनी तिचे विभाग पाडलेले आहेत: आरंभी शोधासाठीचे काही शब्द, मग नकली सर्व्हरने काय उत्तर द्यायचे तो भाग, मग कर्ल कोणत्या आज्ञेने चालवायचे तो भाग, आणि अखेरीस कर्लने सर्व्हरकडे नेमक्या कोणत्या ओळी पाठवलेल्या असायला हव्यात तो पडताळणीचा भाग. पाहता क्षणी ही फाइल एक्सएमएल, म्हणजे कोनी कंसांतल्या खुणांनी माहिती मांडण्याची प्रमाणित पद्धत, वाटते. पण तिला स्वतःचे वेगळे नियम आहेत. केवळ एक्सएमएल येत असल्याच्या भरवशावर कोणी अशा फाइली समजून घेऊ पाहील तर तो लवकरच अडखळेल.

त्याच फाइलीतील उत्तराच्या विभागात मजकुराची लांबी 6 असल्याचे सर्व्हर सांगतो. मजकूर म्हणून खाली दिसतो तो इंग्रजी तीन अक्षरांचा एक फुटकळ शब्द आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आडवी रेघ, म्हणजे मोजून पाच खुणा. सहावा बाइट कोणता? ओळ संपवणारा, डोळ्यांना न दिसणारा. आता एखाद्याला शेवटी ओळ न संपणारा मजकूर हवा असेल तर काय करायचे, यासाठी विभागाच्या खुणेत लिहायचा एक वेगळा गुणधर्म आहे. पण तो आहे हे क्रमांक 1 ची फाइल कितीही वेळ न्याहाळली तरी कळणार नाही, कारण तेथे तो वापरलेलाच नाही. एका उदाहरणावरून व्याकरण समजत नाही, हा या सगळ्या प्रकारातील मोठा अडसर आहे.

आज्ञेच्या विभागात तर आणखी गंमत आहे. तेथे सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (यंत्रावरील कोणत्या सेवेशी बोलायचे ते ठरवणारा आकडा) आणि चाचणीचा क्रमांक हे तिन्ही टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या नावांनी लिहिलेले असतात आणि चाचणी चालवताना त्यांच्या जागी खऱ्या किमती बसतात. पोर्टचा आकडा थेट लिहिला तर त्याच यंत्रावर त्या पोर्टवर दुसरे काही चालू असताना चाचणी उगाचच फेल होईल, हे थोड्या विचाराने लक्षात येते. परंतु पत्त्याच्या शेवटी चाचणीचा क्रमांक का लिहिला आहे, हे विचाराने सुचण्यासारखे नाही. तो ओळखीपुरता लिहिलेला नसतो. नकली सर्व्हर पत्त्यातला तो आकडा वाचतो आणि त्याच क्रमांकाची चाचणी-फाइल उघडून तिच्यातले उत्तर पाठवतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे, एकाच चाचणीत सर्व्हरने कर्लला दुसऱ्या पत्त्यावर पिटाळायचे असेल, तर क्रमांकाला 0002 हे आकडे जोडलेला पत्ता दिला जातो आणि तो मागितला गेला की सर्व्हर त्याच फाइलीतील ‘डेटा2’ हा विभाग पाठवतो. ही कल्पना मोठी चतुर आहे. एकदा समजली की अशा कितीतरी चाचण्या भराभर वाचता येतात, आणि समजली नाही तर माणूस सर्व्हरच्या सी भाषेतल्या मूळ प्रोग्राममध्ये अर्धा दिवस हरवतो.

कर्लच्या विकासकांनी हे सारे ‘फाइलफॉरमॅट’ नावाच्या एका स्वतंत्र दस्तऐवजात विभागवार लिहून ठेवले आहे. तो दस्तऐवज रंजक नाही आणि तसा असण्याची अपेक्षाही नाही, पण त्यामुळे अनोळखी माणूस पहिल्याच बैठकीत नवी चाचणी लिहू शकतो. चाचण्या हेच दस्तऐवजीकरण असते, तर या प्रकल्पाला तो लिहिण्याचे कारण नव्हते.

डब्ल्यूगेटची रीत निराळी आहे आणि दोहोंची तुलना केली की लेखी माहितीची गरज आणखी स्पष्ट होते. तेथे पर्ल भाषेतला जुना संच आहे आणि त्याच्या शेजारी पायथनमध्ये लिहिलेला नंतरचा संच आहे. पायथनमधील चाचणीत सर्व्हरवर कोणत्या फाइली ठेवायच्या, डब्ल्यूगेटला कोणते पर्याय द्यायचे, आणि काम संपल्यावर कोणत्या फाइली उरल्या पाहिजेत व कोणता संकेतांक मिळाला पाहिजे, हे शब्दकोशासारख्या रचनेत लिहितात. म्हणजे कर्लच्या चाचण्यांचा मुख्य भर तारेवरून काय गेले यावर असतो, तर येथे भर तबकडीवर काय उरले यावर. दोन्ही पद्धती रास्त आहेत, पण त्या वेगवेगळी आश्वासने देतात. फाइली बरोबर आल्या म्हणून मधला संवाद नियमाप्रमाणे झालाच असे म्हणता येत नाही, आणि उलटही म्हणता येत नाही. कोणता संच कशाची हमी देतो हे वाचणाऱ्याला कळले नाही, तर ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ या वाक्यातून तो भलताच अर्थ काढेल. शिवाय दोन संच शेजारी शेजारी असताना नवी चाचणी कोणत्या संचात घालायची, हा साधा प्रश्नही कोणीतरी लिहून ठेवलेल्या उत्तराशिवाय सुटत नाही.

‘उत्तीर्ण’ या शब्दाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण माझ्या मते दस्तऐवजीकरणाअभावी होणारे सर्वांत मोठे नुकसान येथे होते. चाचणीचे निकाल दोन नव्हे, किमान तीन असतात: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि वगळलेली. एखाद्या यंत्रावर साधन बांधताना, म्हणजे मूळ प्रोग्रामपासून त्याचे चालवण्याजोगे रूप तयार करताना, सुरक्षित जोडणीची सोयच घेतली नसेल, तर तिच्याशी संबंधित चाचण्या चालवण्यात अर्थ नसतो. त्या वगळल्या जातात. ‘ऑटोमेक’ या बांधणी-साधनाच्या संकेतानुसार चाचणीने 77 हा संकेतांक दिला की ती वगळलेली मानतात. कर्लचा चाचण्या चालवणारा पर्ल प्रोग्राम अखेरीस किती चाचण्या विचारात घेतल्या, त्यांपैकी किती वगळल्या आणि कोणत्या कारणाने वगळल्या याची यादी छापतो. पण त्याच अहवालात ठळकपणे दिसणारी ‘100 टक्के’ ही संख्या चालवलेल्या चाचण्यांपुरती असते. माझ्या पाहण्यात आलेल्या एका संचात, कोठला ते सांगण्याचे कारण नाही, सुरक्षित जोडणीच्या सर्वच चाचण्या बराच काळ वगळल्या जात होत्या, कारण चाचण्या चालवणाऱ्या यंत्रावरून एक पूरक लायब्ररी केव्हातरी निघून गेली होती. अहवाल रोज हिरवा येत होता. या यंत्रावर सामान्यतः कोणत्या चाचण्या वगळल्या जाव्यात आणि किती, अशी एक ओळ कोठेतरी लिहिलेली असती, तर फरक पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी नजरेस पडला असता. ओळ कोठेच नव्हती, त्यामुळे फरक ओळखायला आधारच नव्हता.

यापेक्षा खोल जाणारी गोष्ट म्हणजे चाचणीमागचे कारण. ऑक्टोबर 2023 मध्ये कर्लची 8.4.0 ही आवृत्ती आली ती एक गंभीर दोष दुरुस्त करण्यासाठी, ज्याची नोंद सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-2023-38545 या क्रमांकाने आहे. मार्च 2020 मधील 7.69.0 या आवृत्तीपासून, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ, तो तेथे होता. ‘सॉक्स5’ या प्रकारच्या मध्यस्थामार्फत (आपल्या वतीने सर्व्हरशी बोलणाऱ्या दुसऱ्या यंत्रामार्फत) जोडणी करताना सर्व्हरच्या नावाचा शोध मध्यस्थाने घ्यायचा, मात्र नाव 255 बाइटपेक्षा लांब असेल तर कर्लने स्वतः घ्यायचा, असे ठरले होते. हा निर्णय प्रोग्राममधील ज्या चलात (किंमत लक्षात ठेवण्याच्या जागेत) साठवला जात असे ते चल, मध्यस्थाचे उत्तर येण्यास उशीर झाला आणि प्रोग्रामचा तोच भाग पुन्हा चालवला गेला, की मूळ किमतीवर परत येत असे. मग ते लांबलचक नाव त्याच्यासाठी पुरेशा नसलेल्या जागेत कोंबले जात असे. दुरुस्तीनंतर कर्ल असे नाव सरळ नाकारते आणि 97 हा संकेतांक देते. दोष कसा शिरला याचे सविस्तर विवरण स्टेनबर्ग यांनी स्वतः जाहीरपणे लिहिले, ही त्या प्रकल्पाची जमेची बाजू म्हटली पाहिजे.

अशा दोषासाठी लिहिलेली चाचणी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात एक अवास्तव लांबीचे, निरर्थक वाटणारे सर्व्हरचे नाव असते आणि एका विशिष्ट त्रुटीची अपेक्षा असते. पाच वर्षांनी एखादा नीटनेटका स्वभाव असलेला विकासक ती फाइल उघडतो. त्याला ते नाव कुरूप दिसते, ओळ पडद्याबाहेर जाते, तो ते चाळीस अक्षरांवर आणतो, मग चाचणी फेल होते, म्हणून अपेक्षाही बदलतो. सारे पुन्हा हिरवे. एका गंभीर दोषावरचा पहारा उठला आणि कोणालाही कळले नाही. फाइलीच्या माथ्यावर ‘नाव 255 बाइटपेक्षा लांब असणे हाच या चाचणीचा हेतू आहे’ एवढे लिहिलेले असते, तर त्या विकासकाचा हात थांबला असता. बदलांच्या इतिहासात शोधले तर कारण सापडेल, असे यावर म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. पण इतिहासात शोधायला आधी शंका यावी लागते. ज्याला काही विचित्र वाटलेच नाही तो शोधणार कशाला?

म्हणून चाचणीचे वर्णन लिहिताना ती काय करते हे पुन्हा शब्दांत सांगण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. ‘ही चाचणी सर्व्हरकडून फाइल मागते आणि उत्तर तपासते’ अशी वाक्ये मी शेकड्यांनी वाचली आहेत. त्यांनी जागा अडते, एवढेच. लिहायचे ते हे, की कोणती किंमत मुद्दाम निवडली आहे आणि कोणती सहज, कोणती अपेक्षा प्रोटोकॉलच्या (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) नियमातून आली आहे आणि कोणती केवळ जुने वागणे बदलू नये म्हणून ठेवली आहे. कुकीच्या (संकेतस्थळाने वापरकर्त्याकडे साठवलेल्या छोट्या नोंदीच्या) चाचणीत मुदत संपण्याची तारीख लिहिलेली असेल तर ती कोणत्या दिवशी निरुपयोगी ठरेल हेही लिहावे. नाहीतर तो दिवस उजाडेल, कोणीही काहीही बदललेले नसताना चाचणी कोसळेल आणि सगळे आदल्या दिवशीच्या बदलांत दोष शोधत बसतील.

तात्पुरत्या बंद केलेल्या चाचण्यांचेही असेच आहे. कर्लच्या संचात अशा चाचण्यांची एक वेगळी यादी असते, आणि कधी फेल तर कधी पास होणाऱ्या चाचण्यांना ‘फ्लेकी’ असा शिक्का मारण्याची सोय आहे. सोय उत्तम, पण अशा याद्या कोणत्याही प्रकल्पात वाढतच जातात. क्रमांकासमोर कारण आणि ती पुन्हा सुरू करण्याची अट लिहिलेली नसेल, तर तात्पुरती बंद झालेली चाचणी कायमची बंद होते.

काही चाचण्या अशाही असतात, की त्या आहेत हेच सांगितल्याशिवाय कळत नाही. कर्लचा चाचणी-प्रोग्राम एका खास पर्यायाने चालवला की तो प्रथम एखादी चाचणी नेहमीसारखी चालवून स्मृती मागण्याच्या किती जागा आल्या ते मोजतो, आणि मग तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालवत दर खेपेला त्यांतली एकेक मागणी मुद्दाम फसवतो. स्मृती मिळाली नाही तरी कर्लने कोलमडू नये आणि घेतलेली स्मृती परत करावी, एवढीच अपेक्षा. विकासक याला छळ-चाचणी म्हणतात आणि नाव सार्थ आहे. तिच्यासाठी दोष-शोधनाची सोय घालून बांधलेले कर्ल लागते, वेळही बराच लागतो, आणि हे दोन्ही लिहून ठेवलेले असल्यामुळेच बाहेरचा माणूस ती वापरू शकतो. माझ्या दृष्टीने त्या संचातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि नुसत्या चाचणी-फाइली चाळणाऱ्याला त्याचा मागमूसही लागणार नाही.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बिनतोड आक्षेप वेगळाच आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लेखी माहिती शिळी होते. चाचणी चुकीची झाली तर फेल होऊन ओरडते. परिच्छेद चुकीचा झाला तर तो तसाच शांतपणे खोटे सांगत राहतो. यावर अर्धा उपाय उपलब्ध आहे: माहितीचीसुद्धा चाचणी घेणे. कर्लच्या संचात काही चाचण्या सर्व्हरशी बोलतच नाहीत. त्या मूळ प्रोग्राम आणि दस्तऐवज यांची एकमेकांशी गाठ घालतात. लायब्ररीतील प्रत्येक पर्यायासाठी माहितीचे पान आहे की नाही हे पाहणारी चाचणी त्यांपैकीच. कोणी नवा पर्याय जोडला आणि त्याविषयी लिहिले नाही, तर संच लाल होतो आणि बदल अडतो. हीच युक्ती चाचण्यांच्या वर्णनालाही लागू करता येईल: वर्णनाची ओळ नसलेली चाचणी स्वीकारायची नाही, दस्तऐवजात उल्लेख असलेला प्रत्येक पर्याय चाचणी-प्रोग्रामला खरोखर कळतो की नाही ते पाहायचे, उदाहरण म्हणून दिलेली चाचणी प्रत्यक्ष चालवून पाहायची. मी अर्धा उपाय म्हटले ते अशासाठी, की यातून लिखाण आहे एवढेच सिद्ध होते. ते खरे आहे की नाही हे माणसानेच वाचून ठरवावे लागते. पण शिळ्या होण्याच्या भीतीने लिहायचेच नाही, हा न्याय लावला तर साधनाची माहितीपुस्तिकाही लिहिता येणार नाही.

ओघाने एका वेगळ्या मार्गाचाही उल्लेख करतो, कारण तेथे लेखी सूचनांचे महत्त्व उलट बाजूने दिसते. ‘यूट्यूब-डीएल’ आणि त्यातून निघालेले ‘वायटी-डीएलपी’ ही चित्रफिती उतरवणारी साधने आहेत. त्यांच्यात प्रत्येक संकेतस्थळासाठी लिहिलेल्या भागातच त्याच्या चाचण्या असतात आणि त्या थेट खऱ्या संकेतस्थळावर जाऊन धडकतात. अशी चाचणी फेल झाली तर दोष साधनात आहे, संकेतस्थळ बदलले आहे, की ती चित्रफीतच कोणी काढून टाकली आहे, हे नुसत्या निकालावरून समजत नाही. नकली सर्व्हर वापरणाऱ्या संचात हा घोळ होत नाही, पण त्याला खऱ्या जगातले बदलही दिसत नाहीत. कोणत्या संचात फेल होण्याचा अर्थ काय घ्यायचा, हे दोन्ही ठिकाणी कोणीतरी माणसांच्या भाषेत लिहावे लागतेच.

हे लिहायचे कोणी, हा प्रश्न उरतो. मूळ विकासकांना सगळे तोंडपाठ असते, म्हणून काय सांगायचे राहिले आहे हे त्यांना दिसत नाही. आपल्या पुरवणीच्या वाचकांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी बरेच असावेत आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सहभाग कोठून सुरू करावा असे ते विचारत असतात. त्यांना माझे सुचवणे असे, की एखाद्या डाउनलोड साधनाचा मूळ प्रोग्राम उतरवून घ्यावा, त्याच्या चाचण्या केवळ लेखी सूचना वाचून चालवण्याचा प्रयत्न करावा, आणि जेथे सूचना अपुरी पडली तेथे थांबून ती उणीव भरून काढणारी दोन वाक्ये लिहून पाठवावीत. नवख्या माणसाची ही अडचण काही दिवसच टिकते. एकदा वाट कळली, की आपण कोठे अडलो होतो हे त्यालाही आठवत नाही, म्हणून लिहायचे ते त्याच वेळी. पाठवताना ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, साधनाची आवृत्ती कोणती, बांधणी करताना कोणत्या सोयी घेतल्या होत्या आणि कोणत्या पायरीवर कोणता संदेश आला, हे जसेच्या तसे द्यावे. ‘चाचण्या चालत नाहीत’ एवढ्याच मजकुराची पत्रे त्या विकासकांना भरपूर येत असतात.

आपला नम्र,
एक वाचक व सॉफ्टवेअर चाचणी अभियंता